सिरारक्ताचे प्रत्यागमन आणि हृदयाचे क्षेपणकर्म

हृदयाचे कार्य रुग्णास समजावून सांगताना आपण सर्वच जण 'पंप' हा शब्द सहजपणे वापरतो. शब्द सोयीचा आहे, तथापि त्यामुळे एक चुकीचे चित्र मनात ठसते. विहिरीवरील विजेचा पंप पाणी स्वतःच्या बळावर ओढून घेतो. त्याचप्रमाणे हृदयही शरीरभरातील रक्त ओढून घेत असावे, असा समज होतो. वस्तुतः हृदयाची तुलना मोटेशी करणे अधिक यथार्थ ठरेल. मोट कितीही मोठी असो आणि बैल कितीही तगडे असोत, विहिरीत पाणी नसेल तर मोट अर्धीच वर येणार. हृदयाकडे सिरांवाटे जेवढे रक्त परत येते तेवढेच ते पुढे फेकू शकते, आणि निरोगी हृदय जेवढे येते तेवढे सर्व पुढे फेकतेही. या एका सिद्धान्तात हृद्रोगाच्या चिकित्सेतील पुष्कळसे मर्म सामावलेले आहे.

हा विषय केवळ शारीरक्रियेच्या परीक्षेपुरता नाही. दोन रुग्णांचा विचार करू. दोघेही साठीचे, दोघांचीही तक्रार एकच : 'अंगात त्राण नाही, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते.' पहिल्यास ऐन वैशाखात अतिविरेचन झालेले आहे. दुसऱ्याच्या पायांवर सूज असून रात्री दोन उशा घेतल्यावाचून त्यास झोप येत नाही. दोघांच्याही हृदयातून पुरेसे रक्त पुढे जात नाही, हे सत्य आहे. परंतु पहिल्याच्या हृदयास रक्त मिळतच नाही, तर दुसऱ्याचे हृदय मिळालेले रक्त पुढे ढकलण्यास असमर्थ आहे. पहिल्यास द्रव द्यावयाचा, दुसऱ्याचा द्रव काढावयाचा. लक्षण एक, चिकित्सा परस्परविरुद्ध. येथे गफलत झाल्यास ती रुग्णाच्या प्राणांवर बेतू शकते. म्हणून या विषयाची साद्यंत मांडणी व्यवसायबंधूंपुढे करण्याचे आम्ही योजिले आहे.

ग्रंथोक्त भूमिका

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ग्रहणीविषयक अध्यायात, विक्षेप हे ज्याचे कर्म आहे अशा व्यानवायूकडून रसधातू सर्व शरीरात एकाच वेळी आणि अखंडपणे फेकला जातो, असे वर्णन आहे. स्रोतसाच्या वैगुण्यामुळे हा रस जेथे अडतो तेथे तो विकार उत्पन्न करतो, हेही आचार्यांनी त्याच ठिकाणी सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात हृदय हे रसाचे स्थान मानून तेथून निघणाऱ्या चोवीस धमन्या वर्णिल्या : दहा ऊर्ध्वगामी, दहा अधोगामी आणि चार तिर्यग्गामी. भेलसंहितेत याहून एक पाऊल पुढचा उल्लेख आढळतो. रस हृदयातून निघून सर्वत्र जातो आणि सिरांच्या द्वारे पुन्हा हृदयाकडे येतो, असा त्याचा आशय आहे. तंजावरच्या ग्रंथालयातील हस्तलिखितामुळे ही संहिता, खंडित स्वरूपात का होईना, आपल्यापर्यंत पोहोचली.

या उल्लेखांचे मूल्य मोठे आहे. मात्र त्यांवरून अभिसरणाचा संपूर्ण सिद्धान्त प्राचीनांनी मापनासह सिद्ध केला होता, असे विधान करणे घाईचे होईल. रस बाहेर जातो व परत येतो हे तत्त्व त्यांनी जाणले होते. किती परत येतो, कशामुळे येतो आणि परत येणाऱ्या मात्रेचा हृदयावर काय परिणाम होतो, याचे गणित पुढील काळात मांडले गेले. दोन्हींचा आदर राखूनच पुढे जाणे आम्हांस श्रेयस्कर वाटते.

अभिसरणाचे गणित

विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यकवेत्त्याचा ग्रंथ १६२८ साली फ्रँकफर्ट येथे प्रसिद्ध झाला. यकृतात अन्नापासून नित्य नवे रक्त तयार होते आणि अवयवांत ते संपून जाते, अशी तोवर युरोपात समजूत होती. हार्वीने साधा हिशेब मांडला. आजच्या आकड्यांत सांगावयाचे तर, हृदयाच्या एका ठोक्यास सुमारे ७० मि.ली. रक्त बाहेर पडते. मिनिटास ७० ठोके धरल्यास सुमारे ५ लिटर आणि तासाभरात सुमारे ३०० लिटर होते. म्हणजेच एका तासात मनुष्याच्या वजनाच्या कित्येक पट रक्त हृदयातून जाते. एवढे रक्त अन्नापासून निर्माण होणे अशक्य. अर्थात तेच रक्त पुनःपुन्हा परत येत असले पाहिजे.

ते कोणत्या मार्गाने येते याचे उत्तर सिरांतील झडपांत सापडले. पादुआ येथील फॅब्रिशियस या त्याच्या गुरूंनी या झडपांचे वर्णन केले होते, परंतु त्यांचे प्रयोजन त्यांना उमगले नव्हते. दंडावर पट्टी बांधून फुगलेल्या सिरेवर बोट फिरवले असता रक्त केवळ हृदयाच्या दिशेनेच सरकते, हे हार्वीने दाखवून दिले. धमन्या आणि सिरा यांना जोडणाऱ्या सूक्ष्म केशिका मात्र त्यास दिसल्या नाहीत. त्या १६६१ साली माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

रक्त परत कशामुळे येते?

धमन्यांतील दाब सरासरी ९० ते १०० मि.मी. पारा इतका असतो. केशिका ओलांडून सिरांत येईपर्यंत तो १० ते १५ वर उतरतो आणि उजव्या अलिंदात जवळजवळ शून्य असतो. इतक्या अल्प उतारावरून मिनिटास पाच लिटर रक्त वाहते. याच कारणाने प्रत्यागमन ही अत्यंत नाजूक प्रक्रिया आहे; थोड्याशा फरकानेही ती मंदावते वा वाढते. तिला साहाय्य करणाऱ्या गोष्टी अशा :

१. सिरांतील साठा. शरीरातील एकूण रक्ताचा सुमारे साठ ते पासष्ट टक्के भाग कोणत्याही क्षणी सिरांमध्येच असतो. सिरांच्या भित्ती सैल असून त्या रक्ताचे कोठार म्हणून काम करतात. भय, श्रम वा रक्तस्राव या प्रसंगी त्या आकुंचित होतात व कोठारातील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. अमेरिकेतील आर्थर गायटन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या विषयाचे प्रदीर्घ संशोधन केले. हृदय क्षणभर थांबवून सर्व रक्तवाहिन्यांतील दाब समान होऊ दिला, तर तो सुमारे ७ मि.मी. पारा भरतो, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले. वाहिन्या किती भरलेल्या आहेत याचे हे माप होय. हा भरणदाब आणि उजव्या अलिंदातील दाब यांमधील अंतर हीच रक्त परत आणणारी प्रेरणा. शरीरातील द्रव घटला वा सिरा सैल झाल्या की भरणदाब उतरतो आणि त्यासवे प्रत्यागमनही उतरते.

२. पोटऱ्यांचे स्नायू. स्तब्ध उभ्या असलेल्या मनुष्याच्या घोट्याजवळील सिरेत सुमारे ९० मि.मी. पारा दाब असतो. चालू लागताच स्नायूंच्या आकुंचनाने सिरा पिळल्या जातात, झडपा रक्तास मागे येऊ देत नाहीत आणि हा दाब २५ च्या आसपास उतरतो. पोटऱ्यांस 'दुसरे हृदय' म्हणण्याचा प्रघात याचमुळे पडला. झडपा निकामी झाल्या म्हणजे सिराकौटिल्य उत्पन्न होते.

३. श्वसन. श्वास आत घेताना उरातील दाब घटतो, उदरातील वाढतो, आणि रक्त उराकडे ओढले जाते. याउलट श्वास रोखून कुंथल्यास उरातील दाब वाढून प्रत्यागमन थांबते. मग श्वास सोडताच साठलेले रक्त एकदम हृदयात लोटते. मलप्रवृत्तीच्या वेळी हृद्रोग्यास घेरी येण्यामागे हेही एक कारण असते. हृद्रोग्याचा मलावष्टंभ दूर करणे हा त्यामुळे चिकित्सेचा गौण भाग नव्हे.

४. शरीराची स्थिती. आडव्या अवस्थेतून उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरते. निरोगी देहात सिरा व धमन्या आकसतात, नाडी किंचित वाढते आणि मनुष्यास काही जाणवतही नाही. वृद्ध, मधुमेही व निर्जल झालेल्या रुग्णांत ही प्रतिक्रिया उणी पडते. गर्भिणी उताणी निजल्यास वाढलेला गर्भाशय अधोमहासिरेस दाबतो. तिला घाबरे होते आणि डाव्या कुशीवर वळताच बरे वाटते.

फ्रँक व स्टार्लिंग यांचा नियम

येणाऱ्या रक्ताची मात्रा ठोक्याठोक्यास बदलत असताना हृदय तिच्याशी मेळ कसा घालते, हा पुढील प्रश्न. १८९५ साली जर्मनीतील ऑटो फ्रँक यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले की, आकुंचनापूर्वी हृदय जितके अधिक भरलेले असेल तितका आकुंचनाचा जोर अधिक. पुढे लंडन येथील अर्नेस्ट स्टार्लिंग व त्यांचे सहकारी यांनी श्वानाचे हृदय व फुप्फुस शरीराच्या इतर भागांपासून अलग अभिसरणात ठेवून १९१४ च्या सुमारास आपले प्रसिद्ध प्रयोग केले. रक्ताचे पात्र उंच करून हृदयाकडे येणारा ओघ वाढवताच, मज्जातंतूंचे कोणतेही साहाय्य नसताना, हृदय अधिक फुगे आणि तितकेच अधिक रक्त बाहेर टाकी. आकुंचनाचे बळ हे स्नायुतंतूंच्या आकुंचनपूर्व लांबीवर अवलंबून असते, असा नियम त्यांनी मांडला.

यामागील कारण आज बऱ्याच अंशी ज्ञात आहे. हृदयाच्या स्नायूत दोन प्रकारचे सूक्ष्म तंतू एकमेकांत सरकतात. स्नायू योग्य मर्यादेपर्यंत ताणला गेला म्हणजे या तंतूंची परस्परांवरील पकड अधिक अनुकूल होते आणि कॅल्शियमच्या त्याच मात्रेस ते अधिक जोराने प्रतिसाद देतात. शिवाय उजव्या अलिंदाची भित्ती ताणली गेल्याने नाडीचा वेगही काहीसा वाढतो.

या नियमाचे सर्वांत सुंदर प्रयोजन म्हणजे उजव्या व डाव्या हृदयाचा समतोल. समजा, उजवे निलय डाव्यापेक्षा प्रत्येक ठोक्यास केवळ १ मि.ली. रक्त अधिक फेकू लागले. मिनिटास ७० मि.ली., तर तासाभरात चार लिटरांहून अधिक रक्त फुप्फुसांत साठेल आणि मनुष्य गुदमरून जाईल. असे होत नाही, कारण उजव्याने अधिक फेकलेले रक्त लगेच डाव्याकडे पोहोचते, डावे अधिक भरते आणि पुढील काही ठोक्यांतच तेही तितकेच अधिक फेकते. कोणाच्याही आज्ञेवाचून हा हिशेब आयुष्यभर जुळत राहतो.

मज्जातंतूंवाचूनही हृदय हे करू शकते याचा पुरावा मनुष्यांतही मिळाला. हृदयारोपणात दात्याच्या हृदयाचे मज्जातंतू तोडलेले असतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिला असा प्रयत्न केला. तो रुग्ण फार वेळ जगू शकला नाही. देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी १९९४ साली केले. आरोपित हृदय असलेली व्यक्ती चालू लागते तेव्हा आरंभी नाडी फारशी वाढत नाही. पायांतून परतणारे रक्त वाढल्याने प्रत्येक ठोक्याचे क्षेपण तेवढे वाढते. नाडीचा वेग नंतर, रक्तातून येणाऱ्या अंतःस्रावांमुळे वाढतो.

नियमाची मर्यादा : दुर्बल हृदय

निरोगी हृदयात भरण वाढले की क्षेपण वाढते. आलेख चढता असतो. दुर्बल हृदयात हाच आलेख लवकर सपाट होतो. त्यापुढे कितीही रक्त आले तरी क्षेपण वाढत नाही. मागील बाजूचा दाब मात्र वाढत जातो. डाव्या बाजूस असे घडल्यास फुप्फुसात द्रव झिरपून श्वास लागतो. उजव्या बाजूस घडल्यास मानेच्या सिरा फुगतात, यकृत वाढते आणि पायांवर शोथ येतो. रुग्ण रात्री आडवा होतो तेव्हा पायांतील रक्त उराकडे येते, आणि म्हणूनच त्यास उठून बसावे लागते.

यात वृक्कांची भर पडते. पुढे जाणारे रक्त उणे झाल्याने शरीरात द्रवच कमी आहे असे समजून वृक्क मीठ व पाणी धरून ठेवतात. प्रत्यागमन आणखी वाढते, हृदय आणखी ताणले जाते आणि दुष्टचक्र सुरू होते. अलिंदातून मीठ बाहेर टाकणारा एक स्राव निघतो, हे १९८१ साली कॅनडातील डी बोल्ड यांच्या संशोधनातून पुढे आले. निलयातून निघणाऱ्या त्याच जातीच्या स्रावाचे रक्तातील प्रमाण मोजून आज हृदयदौर्बल्याचे निदान करण्यास साहाय्य मिळते. तथापि रोग बळावल्यावर हा स्रावही अपुरा पडतो.

आणखी एक प्रकार ध्यानी ठेवावयास हवा. दीर्घकाळ रक्तदाब वाढलेल्या वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, हृदयाचे आकुंचन ठीक असते, परंतु भित्ती ताठ झाल्याने ते प्रसरण पावत नाही. अशा हृदयास द्रव थोडा अधिक झाला तरी श्वास लागतो आणि थोडा उणा झाला तरी घेरी येते. त्याच्या सहनशक्तीचा पट्टा अरुंद असतो. अशा रुग्णात तीव्र शोधन करताना विशेष जपावे लागते.

रुग्णपरीक्षणात काय पाहावे?

उपरोक्त विवेचनातून चिकित्सकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : या रुग्णाचे हृदय रिते आहे की ओथंबलेले? त्याचे उत्तर शोधण्यासाठी महागडी यंत्रे प्रत्येक वेळी लागत नाहीत.

मानेची सिरा : रुग्णास सुमारे ४५ अंशांत टेकवून मान किंचित वळवावी. सिरेतील स्पंदनाचा माथा उरोस्थीच्या कोनापासून सरळ उभ्या रेषेत ३ ते ४ सें.मी.हून अधिक उंच दिसल्यास उजव्या हृदयातील दाब वाढलेला समजावा. यकृतावर हलका दाब धरून ठेवला असता ती फुगून तशीच राहणे हे त्याचे पोषक चिन्ह होय.

उभ्याने रक्तदाब : आडव्या स्थितीत व उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा २० किंवा खालचा १० मि.मी.ने उतरल्यास प्रत्यागमन अपुरे पडत आहे असे मानून कारण शोधावे.

वजन : हृद्रोग्याने रोज सकाळी मलमूत्र विसर्जनानंतर, अन्न घेण्यापूर्वी वजन करावे. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढल्यास ती पुष्टी नसून साठलेले पाणी असते. पायावर सूज दिसण्यापूर्वीच हा काटा बोलतो.

प्रश्न : उशा किती लागतात? रात्री श्वासाने जाग येते का? मूत्राचे प्रमाण किती? अन्य पॅथीची कोणती औषधे चालू आहेत? शेवटचा प्रश्न विसरू नये.

आत्ययिक प्रसंगी हाच भेद प्राण वाचवतो. द्रवक्षयाने मूर्च्छित झालेल्यास आडवे निजवून पाय उंच करावेत. पायांतील रक्त तत्काळ हृदयास मिळते. मात्र अकस्मात श्वास लागून कफात फेस येत असलेल्या हृद्रोग्यास कदापि आडवे करू नये. त्यास बसते करून पाय खाली सोडावेत, उपलब्ध असल्यास प्राणवायू द्यावा व विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. एकास जे अमृत, ते दुसऱ्यास विष.

आपले उपक्रम आणि प्रत्यागमन

विरेचन व मूत्रल चिकित्सा शरीरातील द्रव घटवून प्रत्यागमन उणे करतात. शोथयुक्त हृद्रोग्यास त्याने हलके वाटते हे खरे. परंतु आज असे बहुतेक रुग्ण आधीच मूत्रल गोळ्या घेत असतात. त्यावर तीव्र विरेचन दिल्यास भरणदाब एकदम कोसळून रक्तदाब उतरतो, वृक्कांस इजा होते आणि सोडियम व पोटॅशियम यांचे संतुलन बिघडून हृदयाची लयही बिघडू शकते. अशा ठिकाणी मृदू योग, अल्प मात्रा आणि रोजचे वजन हीच वाट सुरक्षित होय. हृदयतज्ज्ञाने चालू केलेली औषधे परस्पर बंद करणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

सुश्रुताचार्यांचे जलोदरविषयक मार्गदर्शन येथे मननीय आहे. उदरातील जल एकाच दिवशी सर्व काढू नये, अन्यथा तृष्णा, ज्वर, श्वास इत्यादी उपद्रव होतात. ते थोडेथोडे काढावे आणि नंतर उदर वस्त्राने घट्ट वेष्टावे, असे त्यांनी सांगितले. उदरातील पुष्कळ जल एकदम काढले असता तेथील वाहिन्या सैल होऊन अभिसरण कोलमडते, हे आता मापनाने सिद्ध झाले आहे. आज रुग्णालयात अधिक जल काढताना सिरेवाटे अल्ब्युमिन देतात. घाई करू नये हा आचार्यांचा उपदेश त्यामागील सावधगिरीशी तंतोतंत जुळतो.

सर्वांगस्वेदाने त्वचेतील वाहिन्या विस्फारतात, घामावाटे द्रव जातो आणि पेटीतून उठताच रुग्णास भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांस स्वेदनानंतर काही वेळ निजवून, मग बसवून, नंतरच उभे करावे. रक्तमोक्षणापूर्वी पांडुता व रक्तदाब तपासावा.

अभ्यंगासंबंधी एक इशारा आवर्जून देतो. दोन्ही पायांवर समान सूज असल्यास हृदय, वृक्क, यकृत यांचा विचार करावा. परंतु एकाच पायावर वेदनेसह अकस्मात सूज आली असेल, विशेषतः शस्त्रक्रिया, प्रसूती वा दीर्घ शय्यावासानंतर, तर खोल सिरेत गुठळी असण्याची शंका घ्यावी. त्या पायास मर्दन करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास डाव्या हृदयाकडे जाणारा ओघच खुंटतो आणि काही क्षणांत मृत्यू ओढवू शकतो.

फार्मसीचालक व औषधविक्रेते बंधूंसाठी

शरीरातील मीठ जेथे जाते तेथे पाणी त्याच्या मागोमाग जाते, आणि पाणी वाढले की प्रत्यागमन वाढते. या दृष्टीने आपल्या मांडणीवरील औषधांकडे पाहावे.

लवणभास्कर चूर्ण, शंखवटी इत्यादी कल्पांत लवणांचा अंश मोठा असतो. १ ग्रॅम मिठात सुमारे ४०० मि.ग्रॅ. सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसास ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे. भाजीतील मीठ सोडलेला हृद्रोगी पोटफुगीसाठी रोज दोन वेळा लवणयुक्त चूर्ण घेत असेल, तर त्याचे पथ्य फुकट जाते.

यष्टिमधू दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. मूत्रल गोळ्या किंवा डिजॉक्सिन घेणाऱ्यांत हे विशेष घातक आहे.

याच्या उलट श्वेतपर्पटीचा मुख्य घटक सोरा हा असून त्याच्या वजनाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग पोटॅशियमचा असतो. स्पायरोनोलॅक्टोन अथवा तत्सम पोटॅशियम राखणारी गोळी घेणाऱ्या, तसेच वृक्कविकार असलेल्या रुग्णास हा कल्प चिकित्सकाच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

सांधेदुखीवर ग्राहक स्वतःहून मागतो त्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या वृक्कांकडून मीठ-पाणी धरून ठेववतात. स्थिर असलेला हृद्रोगी आठवडाभर त्या घेऊन श्वासाने रुग्णालयात दाखल होणे ही दुर्मीळ घटना नाही.

हृच्छूलासाठी जिभेखाली ठेवावयाची नायट्रेटची गोळी मुख्यतः सिरा सैल करून प्रत्यागमन घटवते. ती बसूनच घ्यावी, उभ्याने नव्हे. वाजीकरणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी दिले आहेत. नायट्रेट व सिल्डेनाफिल एकत्र आल्यास रक्तदाब प्राणघातक पातळीवर उतरू शकतो. विश्वासार्ह निर्मात्याचा व परवाना क्रमांक असलेलाच माल ठेवणे हा केवळ कायद्याचा नव्हे, तर ग्राहकाच्या प्राणांचा प्रश्न आहे.

उपसंहार

हृदय हे दाता आहे, परंतु त्याचे दान त्यास मिळणाऱ्या धनाइतकेच असते. निरोगी हृदय अधिक मिळाल्यास अधिक देते. रुग्ण हृदय अधिक मिळाल्यास त्या भारानेच वाकते. बृंहण असो वा लंघन, स्नेहन असो वा विरेचन, आपला बहुतेक प्रत्येक उपक्रम सिरांवाटे परतणाऱ्या या ओघास कमी-अधिक करतो. म्हणून औषधयोजनेपूर्वी रुग्णाची मान, पाय, वजन आणि उभ्याने रक्तदाब एवढ्या चार गोष्टी पाहण्याचा परिपाठ प्रत्येक चिकित्सालयात असावा आणि प्रत्येक औषधालयात 'आपणास हृदयाची वा रक्तदाबाची गोळी चालू आहे काय?' हा प्रश्न विचारला जावा, अशी आमची व्यवसायबंधूंना आग्रहाची विनंती आहे. यास पाच मिनिटे लागतात, आणि तेवढ्यातच पुष्कळदा रुग्णाचे बरेवाईट ठरते.